वरचा एक रुपया

त्या बँकेच्या पायऱ्या चढताना मी आईचा हात घट्ट धरायचे, आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. बाहेर सोलापूरचं ऊन टाळू भाजत असायचं आणि आत पाऊल टाकलं की अंगावर काटा यायचा. पंखा नाही, एसी नाही, तरी गारठा. बाकीच्या बँका घर गहाण घेतात, दागिने घेतात. आमच्या शहरातली ही एक बँक चेहरा गहाण घेते.

तुमचा स्वतःचा नव्हे हो, तुमच्या घरातल्या माणसाचा. काउंटरवर पाण्यानं भरलेली मोठी काळी परात असते. कर्ज घेणाऱ्यानं तीत वाकून बघायचं, आणि ज्याला गहाण ठेवायचं त्यानंही शेजारून वाकायचं. दोघांचे चेहरे पाण्यात दिसले की कॅशियरबाई परातीवर झाकण सरकवतात. मान वर केली की शेजारचं माणूस तुम्हाला परकं. कर्ज फिटेपर्यंत ते समोर उभं राहिलं तरी ओळखू येत नाही. बाकी सगळं आठवतं. आपल्याला असं एक माणूस आहे, हेही आठवतं. फक्त समोरचं माणूस ते नव्हे, अशी खात्री वाटत राहते.

बाबांना टॉवेलचे दोन माग घ्यायचे होते. त्यांनी काकाला गहाण ठेवलं. आत्याच्या लग्नातल्या मानपानावरून दोघांचं वाजलेलंच होतं. काका मोडनिंबहून मुद्दाम आला, म्हणाला, "ठेव की! तसंबी तुजं तोंड कुणाला बगायचंय?" सगळे हसले. मीही हसले. फुकटात कर्ज मिळाल्यासारखं वाटलं आम्हाला.

मग एकदा काका आजारातून उठून दारात आला. चांगलाच वाळला होता. बाबांनी दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" बाबांनी त्याला परक्या माणसासारखं अदबीनं बसवलं, पाणी दिलं, उन्हातून आलात म्हणून पंखा लावला. काका पाणी प्यायला आणि निघून गेला. मी मागोमाग गेले तर कोपऱ्यावर रिक्षात बसून तो ढसाढसा रडत होता. सख्ख्या भावाला जो माणूस 'आपल्याला' म्हणू शकतो, तो उद्या मला काय म्हणेल? त्या दिवसापासून मला एकच ध्यास, हे कर्ज एकदाचं फिटू दे.

फिटलं बाई. शेवटचा हप्ता घेऊन आम्ही चौघं गेलो, बाबा, आई, मी आणि काका. कॅशियरबाईंनी झाकणाच्या फटीतून नोटा परातीत सोडल्या. तिथं नोटा भिजत नाहीत, तळाशी जातात आणि दिसेनाशा होतात. बाबा आणि काका वाकले. झाकण मागं सरकलं. बाबांनी मान वर करून काकाकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "आरं, किती वाळलास! कदी आलास?" दोघं तिथंच गळ्यात पडले. बाबांचे डोळे गळत होते, काका त्यांच्या पाठीवर थापा मारत होता. मीही रडत होते.

आणि आईनं कमरेचा बटवा काढला.

आमच्यात कुठलंही शुभकार्य शंभर-पाचशे अशा मोकळ्या आकड्यावर थांबत नाही. आहेर असो, ओटी असो, देवापुढची दक्षिणा असो, वर एक रुपया ठेवायचाच. तो नसला तर पुढचं खुंटतं म्हणतात. आई अक्कलकोटकडची, ह्या बाबतीत फार काटेकोर. एवढी मोठी गोष्ट पार पडली आणि वर रुपया नाही, हे तिला सहनच होईना. तिनं रुपया कपाळाला लावला, हसतमुखानं परातीवर वाकली आणि पाण्यात सोडला. काकाला मिठी मारलेले बाबा अजून परातीपाशीच होते. काय पडलं म्हणून त्यांनी खाली बघितलं.

"अहो बाई, नको!" कॅशियरबाई ओरडल्या. पण झाकण आपोआप सरकलं. त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता.

बाबांनी मान वर केली. आईकडे बघून थोडं बाजूला झाले, तिला वाट द्यावी तसे. मग मला विचारलं, "तुजी आई कुटं गेली गं? आत्ता तर हितं हुती."

"शिवा शिवा," आई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

मी कॅशियरबाईंवर तोंडसुख घेतलं, आकाशपाताळ एक केलं. त्या बिचाऱ्या झाकण ओढून ओढून दमल्या आणि मग म्हणाल्या, हिशेब पुरा झाल्यावर वर पैसा पडला, म्हणजे तो त्याच खात्यावर, म्हणजे बाबांच्या, नव्या कर्जाचा पहिला हप्ता धरला जातो, आणि शेजारून वाकलेलं माणूस गहाण पडतं. "मग बाकीचं आत्ता भरते!" मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "किती भराल? कर्ज दिलेलंच नाही. न दिलेलं फिटणार कसं?" आम्ही साहेबांकडे गेलो, पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. सगळे हळहळतात आणि परत पाठवतात.

घरी आम्ही बाबांना समजावलं. लग्नाचा फोटो दाखवला. त्यांनी फोटोतली बाई बघितली, समोरची बाई बघितली आणि पांढरेफटक पडले. "फोटो कुणी बदलला?" असं मला इतक्या हळू विचारलं, की मी फोटो उलटा करून ठेवला. कुणीतरी त्यांच्या बायकोचं काहीतरी बरंवाईट केलं आणि जागेवर दुसरीच आणून बसवली, असं त्यांच्या मनानं घेतलं. आईच्या हातचा चहा ते मोरीत ओततात. मी आधी घास खाल्ल्याशिवाय जेवत नाहीत.

एकदा मंडईतून आईनं घरी फोन केला, कोथिंबीर आहे का विचारायला. फोन बाबांनी उचलला. "अगं! कुटं हायस तू?" ते लहान पोरासारखे रडायला लागले. चेहरा गेला होता, पण समोर नसताना आवाज ओळखू येत होता. आईनं तिथंच, भाजीच्या गर्दीत, सांगून टाकलं की घरातली ती बाई मीच आहे. बाबांच्या हातातून फोन पडला. कितीतरी दिवस त्यांनी फोन उचलला नाही. शेवटी उचलला तेव्हा, तुलाही त्यांनी आपल्यात ओढलं, असं आईला म्हणाले. तेव्हापासून आई तो विषय काढत नाही. फोनवर नुसती बोलते.

काल संध्याकाळी ती फोन घेऊन गच्चीवर गेली. मी खाली बाबांजवळ बसले होते. दोन्हीकडचं मला ऐकू येत होतं.

"जेवलात का?" आईनं विचारलं.

"ती बाई अजून घरात हाय," बाबा तोंडावर हात धरून कुजबुजले. "सारकी माज्याकडंच बगती. मला लई भ्या वाटतंय. लवकर ये की गं."

"भिऊ नगा," आई म्हणाली. "येतेच."

तिनं फोन ठेवला आणि जिना उतरायला लागली. बाबांनी पावलं ऐकली. मला हाताला धरून आतल्या खोलीत ओढलं आणि कडी लावून घेतली.