उस्मानभाईंचा तळवा

छापायच्या पानांचा, लोखंडी चौकटीत आवळलेला फर्मा उचलण्याआधी उस्मानभाई त्याचा एक कोपरा बोटभर वर करत आणि जुळवलेल्या शिशाच्या अक्षरांवरून, म्हणजे खिळ्यांवरून, हाताचा तळवा दाबत फिरवत. एकही खिळा हलला की फर्मा परत खाली. "मास्तर, घाई पायांनी करावी, हातांनी न्हाई," असं ते मला बजावत.

लढाईचे दिवस होते. कर्जतची मास्तरकी सोडून मी नगरच्या एका लहान प्रकाशकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो होतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलास, असं घरचे म्हणत. उस्मानभाई तिथले मुख्य जुळारी, खिळे जुळवून पानं रचणारे. उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय, की सरळ वर्तमानपत्र वाचताना बिचारे अडखळत. आमचे खिळे झिजलेले, कागद मातकट. "नव्याकोऱ्या खिळ्यांचं एक तरी पुस्तक माझ्या हातून निघावं, बास," एवढीच त्यांची इच्छा.

आणि उस्मानभाईंना पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशकाचं पत्र आलं. फोरमनची जागा, शनिवारी सकाळी हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. शुक्रवारी पाचची गाडी धरायची होती. शाळेच्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा तेवढा राहिला होता. उस्मानभाईंनी आपली ट्रंक दाराशी आणून ठेवली आणि जुम्म्याच्या नमाजाला निघाले. "एकच खिळा बदलायचाय. मी आल्यावर बगतो. फर्म्याला हात लावू नका."

मला वाटलं, तेवढाच त्यांचा वेळ वाचेल. चौकट आवळणारी पाचर सैल करून मी चिमट्याने खिळा बदलला, पाचर पुन्हा ठोकायची विसरलो आणि फर्मा उचलला. मधला भाग खचला. आठच्या आठ पानं फरशीवर सांडली आणि माझ्या हातात नुसती लोखंडी चौकट उरली.

आवाजाने मालक धावत आले. "कसं झालं हे?"

बायकोचे दिवस भरत आले होते आणि माझी नोकरी नवी. मी चौकट दगडी मेजावर ठेवायला वळलो. तेवढ्यात उस्मानभाई दारात आले. त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाचर मीच ढिली ठेवली हुती, मालक."

"अहो, सोमवारी पुस्तकं शाळेत पाहिजेत! आणि तुम्ही तर निघालात!"

मालक गेल्यावर मी कसंबसं म्हणालो, "उस्मानभाई, गाडी..."

"सांडलेले खिळे दुसऱ्याच्या माथी टाकून कुटं जाऊ? बसा खाली. येचा."

मी वेचत होतो, ते जुळवत होते. पाचला स्टेशनकडून शिट्टी ऐकू आली. त्यांचा हात क्षणभर थांबला. "पुढचा द्या," एवढंच म्हणाले.

पुण्याची जागा दुसऱ्याला गेली. ते मला अजून सलतं.

दोन वर्षांनी पुण्याच्या त्याच प्रकाशकाने मला संपादनाच्या कामासाठी बोलावलं. निघायच्या दिवशी मी मालकांसमोर खरं काय ते ओकून टाकलं. उस्मानभाई उलट माझ्यावरच चिडले. "छापून गेलेल्या फर्म्यात दुरुस्ती हुती व्हय, मास्तर?"

मग मला दगडी मेजापाशी नेऊन त्यांनी एका फर्म्याकडे बोट दाखवलं. "उचला."

मी कोपरा बोटभर वर केला, तळवा दाबून फिरवला. कडेचा एक खिळा हलला. फर्मा खाली ठेवला, पाचर ठोकली, पुन्हा तळवा फिरवला, मग उचलला.

"आता जावा," ते म्हणाले आणि माझी ट्रंक टांग्यात ठेवायला स्वतःच पुढे झाले.