आप्पांचा हात चुकला नव्हता

मामेबहीण शैलाक्काचा फोन आला तेव्हा मी बेळगावातल्या शोरूममध्ये एका जोडप्याला बॅटरीवरची स्कूटर दाखवत होतो. पहिला फोन मी कापला. दुसराही कापला. गिऱ्हाईक अगदी ‘घेऊया का मग?’ इथपर्यंत आलं होतं, आणि अशा वेळी फोन घ्यायचा नसतो हे इतक्या वर्षांच्या नोकरीनं माझ्या अंगात भिनवलंय. मग मेसेज आला, ‘आप्पा गेले. सकाळी चहा घेताना, बसल्या जागी.’ तो वाचून मी मोबाइल खिशात ठेवला आणि चार्जर कुठं जोडायचा, किती वेळ ठेवायचा, हे त्या जोडप्याला शेवटपर्यंत समजावून सांगितलं… हे आधीच सांगून टाकतो. आप्पांबद्दल लिहायला बसलोय खरा, पण त्यांच्याबद्दल खरं सांगायचं तर मला माझ्याबद्दल वाईट सांगावं लागणार. दुसरा इलाज नाही.

आप्पा म्हणजे आईचे थोरले भाऊ, माझे मामा. सगळी निपाणी त्यांना आप्पा म्हणायची म्हणून आम्ही भाचेही आप्पाच म्हणायचो. बाजारपेठेच्या तोंडाला त्यांचं सायकलचं दुकान. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला बरीच माणसं जमली होती. त्यात तंबाखूच्या वखारीतले एक वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. ते हळहळून म्हणाले, “असला मिस्त्री पुन्हा व्हणार न्हाय. उभ्या जन्मात एकदाच हात चुकला बघा त्यांचा, त्या सदलग्याच्या गुरुजींच्या पोरीच्या सायकलीला. तेवढं सोडलं तर बोट दाखवायला जागा न्हाय.” आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना हलवल्या. मीही हलवली! मामाची राख समोर होती आणि मी मान हलवून मोकळा झालो.

मला सायकल कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी गळ्यात टाय बांधून पहिल्यांदा आप्पांच्याच दुकानात गेलो होतो. बेळगाव, चिकोडी, निपाणी हा सगळा भाग माझ्याकडे. आप्पांनी टायकडे बघितलं आणि म्हणाले, “ते काढून ठेव बाबा, चेनीत अडकंल.” मग आठ दिवस त्यांनी मला समोर बसवून सायकल जोडायला शिकवलं. लोकांना वाटतं, सायकल कारखान्यातून तयार होऊन येते. कसलं काय! ती खोक्यातून अर्धीमुर्धी येते. हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट, सगळं दुकानदारानं बसवायचं असतं. बाकीचे दुकानदार अर्ध्या तासात सायकल उभी करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. आप्पा एका सायकलीला अर्धा दिवस लावायचे. चाकाचा आऊट काढायला बसले, म्हणजे चाक फिरताना जे डावी-उजवीकडे डुलतं ते स्पोक आवळून सरळ करायला बसले, की शेजारी कुणी मेलं तरी उठायचे नाहीत. आणि सायकल जोडून झाली की ती गिऱ्हाइकाला देण्याआधी स्वतः चालवायचे. धोतर खोचून कोगनोळीच्या दिशेनं चांगलं लांबवर जाऊन यायचे. “आप्पा, नवी म्हणून सेकंडहँड देतासा व्हय?” अशी लोक चेष्टा करायचे. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं, “माझं हाड मोडू दे आधी, मग तुमचं.”

आमच्या कंपनीची एजन्सी मीच त्यांच्या गळ्यात बांधली. त्यांना नको होती. “मला दुरुस्ती बरी, गेरवाल्या सायकलीचं नाटक कशाला?” म्हणत होते. पण लॉकडाऊनच्या काळात सायकलीला असे काही दिवस आले की विचारू नका. डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब, सगळे पहाटे हेल्मेट घालून हायवेवर. सायकली पुरत नव्हत्या, लोक नंबर लावून थांबायचे. मी छाती फुगवून फिरत होतो. मग जसं आलं तसं गेलं. दोन वर्षांत त्याच गिअरवाल्या सायकली गॅलरीत उभ्या आणि त्यांच्यावर टॉवेल वाळत घातलेले. पोरं बॅटरीच्या गाड्या मागायला लागली. गोदामं भरलेली, कंपनीनं निम्म्या लोकांना घरी बसवलं, उरलेल्यांना रोज सकाळी फोनवर दम. खर्च वाचवायचा म्हणून माल कुठून तरी स्वस्तात करून घेऊ लागले, आणि तो माल कसा आहे हे आम्हा फिरतीवरच्या लोकांना डोळ्यांनी दिसत होतं. दिसत होतं म्हणतोय मी… आंधळा नव्हतो.

त्याच दिवसांत सदलग्याच्या एका प्राथमिक शिक्षकांनी, गुरुजींनी, आठवीतल्या मुलीसाठी आप्पांकडून सायकल नेली. महिन्याभरात शाळेच्या उतारावर सायकल हँडलखाली मोडली आणि पोरगी तोंडावर आपटली. मनगट मोडलं. तक्रार आली म्हणून मी निपाणीला गेलो. आप्पांनी ती मोडकी सायकल दुकानात आडवी घालून ठेवली होती. मला जवळ बसवून त्यांनी मोडलेल्या जोडावर नख फिरवलं. “हे बघ सुऱ्या. वेल्डिंग आत गेलंच न्हाय. नुसतं वरनं चिकटवलंय आन् रंग मारलाय. मी चालवून बघितलेली सायकल हाय ही. मला बी कळलं न्हाय.” मी बघितलं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं इतकं ते उघड होतं. मी म्हणालो, “बघतो आप्पा.”

वरून मला काय सांगितलं गेलं होतं ते लिहितो. त्या मालातल्या आणखी सायकली मोडल्या होत्या. दोष कारखान्याचा आहे असं एकदा कागदावर आलं, की सगळा माल परत घ्यावा लागणार आणि कंपनी त्यातून उठणार नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच लिहायचं : दुकानदाराची जोडणी चुकली. दुकानदारानं त्यावर सही दिली की कंपनी ‘सद्भावनेनं’ गिऱ्हाइकाला नवी सायकल देणार. नाही लिहिलं तर काढायच्या लोकांच्या यादीत पुढचं नाव कुणाचं, ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला ऐकू आलं होतं. घरी मुलगी बारावीला, कर्जावर घेतलेलं घर… जाऊ दे. कारणं सगळ्यांकडेच असतात.

मी इंग्रजीत फॉर्म भरला. हँडलचा नट नीट न आवळल्यामुळे जोडावर ताण येऊन फ्रेम मोडली, जोडणी करणाऱ्याची चूक, ती त्याला मान्य आहे. आप्पांना मराठी वाचता यायचं, कानडी वाचता यायचं, इंग्रजी नाही. त्यांनी हात पुसले, पेन घेतलं आणि विचारलं, “काय लिहिलंयस?” मी म्हणालो, “नेहमीचंच आहे आप्पा. पोरीला नवी सायकल मिळायची तर सही लागते.” “मग आण की इकडं,” म्हणत त्यांनी मराठीत, मोठ्या अक्षरात, पूर्ण नावानं सही केली. एक प्रत दुकानात ठेवायची, एक गुरुजींना, एक कंपनीला. मग मी वर जाऊन मामींच्या हातचं जेवलो. पातळ भाजी, भाकरी, खर्डा. आप्पा आग्रह करून वाढत होते. लाज म्हणून नव्हती मला, पोटभर जेवलो.

गुरुजींना कागद पोचला. बाजाराच्या दिवशी ते दुकानापुढं आले आणि भर गर्दीत आप्पांना नको नको ते बोलले. त्यात त्यांचं काय चुकलं? पोरीचा हात मोडलाय आणि माणसानं सहीनिशी कबूल केलंय! हे मला पुढं दुसऱ्या दुकानदाराकडून कळलं. आप्पांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यानंतरच्या दोन दसऱ्यांना, खंडेनवमीला, दुकानात हत्यारांची पूजा असायची तेव्हा मी सहकुटुंब जाऊन जेवून आलो. आप्पा लोकांना माझी ओळख करून देताना पूर्वीसारखंच सांगायचे, “आमचा भाचा. कंपनीत साहेब हाय.” मला वाटायचं, बरं झालं, यांना काही कळलेलं नाही. आणि गंमत बघा, एवढं करून वर्षाच्या आत कंपनीनं आमचं बेळगावचं ऑफिस बंद केलंच. माझी नोकरी गेलीच. मी बॅटरीच्या गाड्या विकायला लागलो.

तेराव्यानंतर मी एकटाच पुन्हा निपाणीला गेलो. दुकान शैलाक्का चालवते आहे; आप्पांची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. जोडणीला एक मिस्त्री ठेवलाय. मी बसलो होतो तेवढ्यात एक शेतकरी नातवाची सायकल न्यायला आला. मिस्त्रीनं सायकल पुढं केली. त्या माणसानं सायकलीला हात लावायच्या आधी काउंटरवरचा पाना उचलला, हँडलच्या नटाला लावला आणि जोर करून बघितला. नट हलला नाही. मग तो आरामात निघून गेला.

मी शैलाक्काला विचारलं, “हे काय नवीन?”

“नवीन न्हाय,” ती म्हणाली. “इथली पद्धतच हाय ती. सायकल नेणाऱ्याच्या हातात आप्पा पाना द्यायचे. तुम्हीच आवळून बघा म्हणायचे. आप्पांनी दिली म्हणजे झालं, असं लोक डोळे झाकून मानायचे, तेच आप्पा गिऱ्हाइकाकडनं तपासून घ्यायला लागले.”

“कधीपासून?”

तिनं माझ्याकडे बघितलं. तिनं उत्तर देऊ नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. “सुरेश, तुझा तो कागद त्याच संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवला. शब्द न् शब्द. मी म्हटलं, कंपनीला लिहूया, गुरुजींना जाऊन सांगूया. तर म्हणाले, मग सुऱ्याची नोकरी जाईल. पोरगी बारावीला हाय त्याची. म्हणाले, माझं काय जातंय?”

काय जात होतं ते पाना बघून कळत होतं. गावातल्या लोकांना तो पाना म्हणजे आप्पांचा प्रामाणिकपणा वाटतो. कौतुक करतात. मला एकट्याला, आणि शैलाक्काला, ठाऊक आहे की तो माझ्या कागदानं त्यांच्या हातात दिला. दोन दसरे मी त्याच काउंटरला टेकून गप्पा मारल्या आणि मला तो दिसलाही नाही. आप्पा सगळं कळूनही मला वाढत होते. खरं सांगतो, त्यांनी कानफटात मारली असती तर मी आज बरा झोपलो असतो.

तसाच उठून सदलग्याला गेलो. गुरुजी अंगणात होते. आता निवृत्तीला आलेत. ती मुलगी नुकतीच कॉलेजात गेलीय. मी कोण ते सांगितलं आणि न थांबता सगळं बोलून टाकलं. वेल्डिंग, फॉर्म, सही. संपल्यावर त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं.

मग म्हणाले, “मी त्यास्नी भर बाजारात बोललो हो. बापाच्या वयाच्या माणसाला, चोर म्हणालो. ते हात जोडून हुबं हुते. नवी सायकल न्यायला गेलो तवा माझ्या हातात पाना दिला. मी मुद्दाम सगळी ताकद लावून आवळला, त्यास्नी लागावं म्हणून… आता मी कुणाची माफी मागू? ते असताना का न्हाय आलासा तुम्ही?”

मी घाईघाईनं म्हणालो, “मी हे सगळं पेपरात लिहितो, गुरुजी. माझ्या नावानिशी लिहितो.”

“लिवा की. पण पेपर कोण वाचतंय? चार शिकलेली वाचतील.” ते उठून उभे राहिले. “मी जिथं त्यास्नी बोललो तिथं या. बाजाराच्या दिवशी, दुकानापुढं. मी बी येतो. मी माझं बोलतो, तुम्ही तुमचं बोला. त्या दिवशी ऐकणारी माणसं तितंच असत्यात, भाजी घ्यायला येत्यात.”

मी व्हय म्हणून आलोय. येत्या बाजाराला निपाणीला जाणार आहे. शैलाक्काला कळवलंय, आता मागं फिरता येणार नाही. पण हा लेख लिहिताना माझ्या मनात दोनदा येऊन गेलं, की हा लेख ज्यात येणार ती पेपरची पुरवणी जर बाजाराच्या आधी निघाली, तर लोकांना बरंचसं आधीच कळलेलं असेल आणि मला तिथं उभं राहून थोडं कमी बोलावं लागेल… अजूनही मी असाच आहे, आप्पा.