बांधावरचे बूट

आज धुळ्याच्या प्रयोगशाळेत केळीच्या बागेतल्या मातीची पिशवी उघडली आणि त्या ओल्या, आंबूस वासाबरोबर इंदूअक्का आठवली.

अंकुशकृमीवरचं माझं संशोधन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. हा जंत ओल्या मातीतून अनवाणी तळव्यात शिरतो आणि आतड्यात राहून रक्त पितो. इंदूअक्का चोपड्याकडच्या बागेत मजुरी करायची. ती गरोदर होती, पापण्या आतून पांढऱ्याफटक. मी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "अक्का, बागेत चप्पल घालूनच जायचं. नाहीतर जंत पुन्हा शिरतील."

"भाऊ, वावर म्हनजे लक्ष्मी. तिना आंगवर चप्पल घालीसन कशी जाऊ?" मग माझ्या पायांकडे बघून ती खुदकन हसली. "आन् तुमना बूट कोठे शेतस?"

ते बांधावर होते. मी शेतकऱ्याच्या घरातला. वावरात शिरताना ते कधी काढले, मलाच कळलं नव्हतं. गार चिखल बोटांच्या फटींतून वर येत होता. सगळ्या बायका हसल्या, मीही हसलो, आणि चपलेचा विषय तिथेच राहिला.

बाळंतपणात इंदूअक्का गेली. अंगात रक्तच नव्हतं, असं तिची जाऊ सांगत होती.

त्या हसण्यात मला तेव्हा आपलेपणा वाटला होता. आता बागेत उतरताना मी बूट काढत नाही. आधी वाकून मातीला हात लावतो, तो कपाळाला लावतो, आणि मग पाऊल टाकतो. एवढंच तिच्यासमोर करून दाखवायला हवं होतं.