जागा बदललेली दोन नावं

धारूरच्या पेठेत भांड्यांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे शिवकन्या लग्नाचं चित्रण कापून-जोडून फिल्म जुळवते. सातवीला ती माझ्या हाताखाली शिकली. आईवडील ऊसतोडीला जायचे आणि ही आजोळी राहून शिकायची. बोलणं कमी. समोरचा बोलत असला की त्याचं संपेपर्यंत तोंडाकडे पाहत राहायची.

लग्नाच्या फिल्ममध्ये माणसांखाली नावं द्यायची पद्धत आली तेव्हा तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. जुळवणी झाली की फिल्म तीनदा पाहायची. एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्यावर ओढणी टाकून नुसता आवाज ऐकत, आणि मग दोन्ही मिळून. आत्याच्या यजमानांखाली मामाचं नाव गेलं तर दोन घरांत वर्षभर बोलणं बंद पडतं, हे तिने पाहिलं होतं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात आमच्याकडची जनावरं चारा छावणीत होती. आमच्या भागातल्या अकरा गावांच्या दूध संस्थेने छावणीतल्या बायकांची एक फिल्म पुण्याच्या माणसाकडून काढून घेतली. आमची बोली बाहेरच्यांना कळावी म्हणून बोलण्याच्या ओळी खाली लिहायच्या होत्या. त्या पुण्यात लिहिल्या गेल्या आणि तपासायला शिवकन्येकडे आल्या. सोबत न कापलेलं सगळं चित्रणही होतं. सभेला चार दिवस राहिले होते. सभेत फिल्म दाखवायची आणि त्यानंतर संचालक मंडळावरच्या बायकांच्या एका जागेसाठी हात वर करून कौल घ्यायचा, असं ठरलं होतं.

फिल्ममध्ये मुक्ताबाई आपल्या चौदा म्हशींचं सांगत होत्या. बायनाबाई सांगत होत्या ते वेगळं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला पूर्वी जाण्याआधी गाय विकावी लागायची. बायनाबाईंनी वस्तीवर ठरवून घेतलं, की गाय विकायची नाही. मागे राहणारीने सांभाळायची आणि परत आल्यावर जाणारीने तिच्या रानात राबून फेडायचं. त्यामुळे दुष्काळातही वस्तीवरची एक गाय बाजारात गेली नाही. मुक्ताबाई आणि बायनाबाई, दोघीही त्या जागेसाठी उभ्या होत्या.

आवाज बंद करून पाहताना शिवकन्या एका ठिकाणी थांबली. बायका ओळीने बसल्या होत्या. एक म्हातारी आली आणि एकीने उठून तिला जागा दिली. ही म्हातारी म्हणजे दूध संस्थेचे चेअरमन मोहनराव यांच्या आई, जानकीबाई. त्यांना अख्खं धारूर ओळखतं. त्या टेकताच दुसऱ्या एका बाईने चटकन डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि मान खाली घातली. खाली नाव होतं बायनाबाई.

अशी मान फक्त सून घालते. जानकीबाईंची सून म्हणजे मोहनरावांची भावजय मुक्ताबाई.

शिवकन्येने न कापलेलं चित्रण लावलं आणि सगळं उलगडलं. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून पूर्ण नावं चित्रणात कुणी सांगितलीच नव्हती. सुरुवातीला संस्थेच्या माणसाने बसल्या क्रमाने ती कागदावर उतरवली होती, शेवटी बायनाबाई आणि त्यांच्या शेजारी मुक्ताबाई. मग जानकीबाईंसाठी बायनाबाईंनी जागा सोडली आणि त्या मुक्ताबाईंच्या पलीकडे, ओळीच्या टोकाला, जमिनीवर जाऊन बसल्या. कागदावर जानकीबाई नव्हत्या आणि क्रम मात्र तसाच राहिला. मुक्ताबाईंखाली बायनाबाईंचं नाव गेलं आणि बायनाबाईंखाली मुक्ताबाईंचं.

तिने पुण्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं, यादी संस्थेने दिलेली आहे, बदल हवा तर चेअरमनचा होकार घ्या. दुसऱ्या दिवशी ती काळीपिवळी जीपने आधी बायनाबाईंच्या वस्तीवर गेली. बायनाबाईंना वाचता येत नव्हतं. कुठलं नाव कुठे आहे ते शिवकन्येने मोबाइलवर बोट ठेवून सांगितलं.

"सहा महिने मी कारखान्यावर," बायनाबाई म्हणाल्या. "ह्या वस्तीबाहेर मला कोण वळखतंय? आता सभेत मी गायीचं बोलले, तर म्हणतील, मुक्ताबाईचं ऐकून पाठ करून आली."

तिथून शिवकन्या मोहनरावांच्या घरी गेली. त्यांनी फिल्म मोबाइलवर एकदा पाहिली होती, खालच्या ओळी वाचल्या नव्हत्या. चूक त्यांनी लगेच मान्य केली, पण आता सभा तोंडावर आली, नंतर बघू, म्हणाले. मोहनराव वाईट माणूस नव्हेत. पण आयतं दारात आलेलं कोण परत करतो?

"कोण काय बोललं ते गावाला ठाव हाय, पोरी. कावून एवढं धरून बसलीस?"

"आपल्या गावाला ठाव हाय, काका. बाकीच्या दहा गावांना न्हाई. ते पडद्यावर लिवलेलंच खरं धरणार."

मोहनरावांनी चहा मागवला. चहा झाल्यावरही शिवकन्या उठेना. तिने मोबाइल जानकीबाईंपुढे धरला आणि मुक्ताबाई दाराआडून पाहत होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेक ओळ नावासकट वाचून दाखवली. थोरल्या दिरांशी मुक्ताबाई समोरासमोर बोलत नसत. त्या आतूनच सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, भाऊजींना म्हणावं, माझ्या चौदा म्हशी मी कुणाच्या नावावर करायची न्हाई. अन् दुसरीच्या गायीबी मला नकोत. मी उभी राहिले ती माझ्या जिवावर."

तीन हातांवर बसलेल्या लेकाला जानकीबाईंनी हा निरोप शब्दन् शब्द पुन्हा सांगितला. मोहनराव मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी पुण्याचा नंबर मागितला.

नावं बदलून आली. शिवकन्येने ती पुन्हा तीनदा तपासली आणि आणखी एक गोष्ट करून घेतली. पुण्याकडे नाव तीन सेकंद ठेवतात. तिने सात ठेवायला लावलं. अक्षर लावून वाचणाऱ्या बायका सभेला येणार होत्या.

सभेत मी मागच्या रांगेत होतो. पुढे युसूफ वडगावकडच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक शेजारणींसाठी मोठ्याने वाचत होती. बाय, ना, बाई. मग आडनाव. तिचं वाचून झालं तरी नाव पडद्यावर होतं. गायीचं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "ही हितं आलीय का?" पुढून बायनाबाई उठून उभ्या राहिल्या. एरवी त्या कशाला उठल्या असत्या!

हात मोजले. बायनाबाई नऊ हातांच्या फरकाने निवडून आल्या. मुक्ताबाईंनी स्वतःसाठीच हात वर केला होता आणि तो शेवटपर्यंत खाली घेतला नाही. सहा महिने बाहेर असणारी बाई बैठकांना कशी येणार, असं कुणीतरी विचारलं. बायनाबाई म्हणाल्या, "गाय सांभाळायला मानूस मिळतंय, तर बैठकीला निरोप धाडायला मिळंल की."

शिवकन्या तेव्हा सभेत नव्हती. वरच्या खोलीत तिच्यापुढे एका लग्नाची फिल्म होती, आणि वऱ्हाडातल्या दोन काकांबद्दल तिची खात्री पटत नव्हती.