माझ्या फोटोवरची फुली

शाळेत मी गेलो, पन कौलं चाळायला. त्यामुळं अक्षरांची नि माझी ओळख वरवरचीच.

महाडवरनं एक म्याडम आमच्या तुडीलला आल्या. सावित्री नदीला पानी चढलं तर तरंगायचं जाकीट कसं घालायचं, बोटीत कसं बसायचं, ते शिकवायला. मना आनंद झाला, कारण घोर माझ्याच घरात होता. मागच्या पुरात बोट दारात आली, तर जाकिटाचा पट्टा मांड्यांमधनं घ्यायचा म्हटल्यावर बायको बोलली, "मेली तरी चालंल, चारचौघांत असलं करनार नाय." नि जाऊन बसली माळ्यावर. तिच्यापायी मी पन. नशीब, पानी परत फिरलं. पुढच्या खेपेला हिला बोटीत घालायची कशी?

म्याडम बोलल्या, "फोटोंचा बोर्ड करू. वाचता न येणाऱ्याला पण कळला पाहिजे." फोटोला मानसं शोधली. एक पोलीस पाटलाचा भाचा. पट्टा बरोबर लावलेला, तोंड दहाव्याला बसल्यासारखं. दुसरा मी. पट्टा लोंबता, जाकीट कानाला टेकलेलं, दात बाहेर. बोर्ड लागला, तर माझ्या फोटोवर लालभडक फुली!

मी खूश. आमच्याकडं फुली म्हंजे मत. कागदावर शिक्का मारायचो तेव्हा ज्याच्यापुढं फुली तो आपला मानूस. मी मोबाईलवर बोर्डाचा फोटो घेऊन वीर टेशनला रिक्षावाल्यांना दाखवून आलो. "बघा, गावानं मना निवडला."

त्यातला एक शिकलेला निघाला. "काका, खाली 'चूक' लिवलंय."

"छापनाऱ्याची असंल," मी बोललो.

सरावाच्या दिवशी नदीवर बघतो तर झाडून सगळ्या म्हाताऱ्यांचे पट्टे लोंबते, जाकिटं कानाला. म्याडमनी कपाळाला हात लावला. "अहो आजी, बरोबरचा फोटो पाटलांच्या भाच्याचा!"

"त्याच्यावर फुली कुठं हाय गो? नि तो तर रडतोय. हा हसतोय, म्हंजे ह्याचं बरं चाललंय."

आमची बायको जाकीट हातात घेऊन लांब उभी. म्याडमनी विचारलं, "ताई, तुम्ही का नाही घालत?"

"फोटोत दोनी बापये प्यांटवाले. साडीवर पट्टा कुठनं घेऊ, ते दाखवा की."

"मग तुमचाच फोटो काढू या."

"मी? नाय बा."

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. म्याडमनी पन.

असा मी बायकोची हिरवी साडी नेसलो. मिशी काढू काय विचारलं, तर म्याडम बोलल्या, "राहू दे, त्या निमित्तानं लोक बघतील तरी." ह्या खेपेला चुकीचा फोटोच ठेवला नाय, फुल्या पन नाय. एका फोटोत एकच काम. पयल्यात भातलावनीला मारतात तसा काष्टा, दुसऱ्यात जाकीट, तिसऱ्यात मागनं पुढं घेतलेला पट्टा. तिसऱ्यावर म्याडमनी आधी पट्टा कुठनं कुठं जातो ते दाखवायला बान काढलेला. एका आजीनं बघितला नि हळहळली, "ह्याला कोनी मारला गो?" मग बान गेला, त्याच्याजागी पट्टा धरलेला माझाच हात आला.

परत सराव. नवा बोर्ड नदीवरच उभा केला. बघून सगळा गाव पोट धरून हसतोय. पोरं मना "वैनी, वैनी" करतायत. मी लाजून इकडं तिकडं बघतो, तर आमची बायको बोर्डाच्या बाजूला उभी. तिनं पयला फोटो बघितला, काष्टा मारला. दुसरा बघितला, जाकीट चढवलं. तिसरा बघितला नि पट्टा मागनं पुढं घेऊन खट् करून लावला. चारचौघं होती, पन एकाचं पन ध्यान तिच्याकडं नव्हतं. सगळी माझ्या मिशीत अडकलेली.

ती निवांत चालत गेली नि बोटीत जाऊन बसली. तिकडनंच वरडली, "अवो, आता येताव का तिकडंच मिरवताव?"