नाव नसलेली बाटली

“हाताला कळतं, मीटरसाहेब,” असं म्हणून दादा बाटली उजेडात धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि ओतायचे. ओतून झालं की बाटलीकडे नाही, माझ्याकडे बघायचे.

मी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासतो. न मोजता ओतलेली कुठलीही गोष्ट मला बघवत नाही. दादा चौतीस वर्षं हैदराबादेत गौलीगुड्यातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि निवृत्तीनंतर मलकपेठेत आमच्या वरच्याच मजल्यावर राहायला आले होते. तुम्ही जुने दवाखाने पाहिले असतील तर आठवेल, औषधाच्या बाटलीवर खाचा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे, एका खाचेला एक डोस. दादा त्या पट्ट्या गप्पा मारता मारता कातरत, आणि खाच कधी चुकली नाही असं जुने पेशंट सांगत. बाटलीवर नाव मात्र नसे.

“नाव कशाला?” ते म्हणत. “ज्याचं दुखतं त्याला आपली बाटली ओळखू येते.”

दिवसाला वीस सिगारेटी ओढून त्यांची छाती कामातून गेली होती. दोन जिने चढले की शीळ वाजल्यासारखा श्वास यायचा. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभरात सुटली नाही तर घरी ऑक्सिजनचं मशीन आणावं लागेल. वहिनी, म्हणजे दादांची बायको, त्या दिवसापासून त्यांच्याशी कमी बोलू लागल्या. डॉक्टरांनी सवय सोडवायला निकोटीनचा च्युइंगगम लिहून दिला होता. “चघळायला दात कुठायत?” म्हणून दादांनी तो मला दिला.

मग त्यांच्या पुतण्याने दुबईहून वाफ ओढायचं पेन, म्हणजे ई-सिगारेट, आणलं, आणि त्यात घालायच्या द्रवाचं सामानही. या वस्तू आपल्याकडे आणायला आणि विकायला बंदी आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

“सिगारेटला बंदी हाय का?” दादा म्हणाले. “मला मारणार ती. तिला सगळे सलाम करतात.”

द्रव बनवायला त्यांनी माझी मदत मागितली. मी नको म्हणालो असतो तर ते एकटेच हाताने ओतत बसले असते. म्हणून मी हो म्हणालो. ते बरोबर होतं असा माझा आजही दावा नाही.

गणपती झाल्यावर आम्ही सुरुवात केली. दर रविवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात, जुन्या पेपरवर. माझ्याकडे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा होता. पुतण्याने आणलेलं निकोटीन कडक होतं, मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम. म्हणजे एका थेंबात पाच. तो थेंब नुसता कातडीवर पडला तरी अंगात जातो, हे कळल्यावर मी रबरी हातमोजे आणले. दादांनी ते बघून विचारलं, “बाळंतपण करायचंय का कुणाचं?” पण घातले.

त्यात ग्लिसरीन आणि गुलाबाचा अर्क. गुलाबच का, तर पुतण्याने आणलेल्या स्ट्रॉबेरीचा वास घेऊन दादा म्हणाले होते, “हे पोरींच्या खोडरबराचं. नक्को.” पहिल्या रविवारचा द्रव इतका घट्ट झाला की पेनातून वाफेऐवजी जळका वास आला आणि दादा पाच मिनिटं खोकले. दुसऱ्या वेळी जमला.

ठरलं असं की मिलिलिटरला बारा मिलिग्रॅमपासून सुरू करायचं आणि दर पंधरा दिवसांनी एक आकडा खाली. बारा, अकरा, दहा. शून्यावर पोचलो की पेन फेकायचं. सिगारेटी पहिल्याच महिन्यात सुटल्या. सातवर आलो तेव्हा दादा जिना न थांबता चढले आणि नुसती आमची बेल वाजवून वर निघून गेले. न थांबता आलो, हे कळवायला ती बेल होती, हे मी समजलो.

रथसप्तमीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तीनवर होतो. मी दादांना विचारलं, तल्लफ येते का? “काय तल्लफ,” ते म्हणाले. “मजेत हाय.” आणि विषय बदलला.

वहिनींकडे हळदीकुंकू होतं. माझी बायको चार वाजता वर गेली आणि पाचला परत आली ती भिंतीला धरून. तिला घाम सुटला होता, मळमळत होतं, छाती धडधडत होती. ऊन लागलं असेल म्हणून मी तिचा हात धरून खुर्चीत बसवू लागलो, आणि मला तिच्या मनगटाचा वास आला. गुलाबाचा. पाच महिने दर रविवारी मी मोजत होतो तोच गुलाब.

“हे काय लावलं?”

“अत्तर. वहिनींनी.”

मी तिचे दोन्ही हात साबणाने धुतले, तिला डॉक्टरांना फोन करायला सांगितलं आणि जिना धावत चढलो. वहिनी एका बाईच्या हातावर अत्तराचा बोळा टेकवतच होत्या. मी त्यांच्या हातातून बाटली ओढून घेतली तेव्हा सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. आतल्या खोलीच्या दारात दादा उभे होते. बाटली पाहून ते पुढे आले.

“वहिनी, किती जणींना लावलं?”

“नऊ. का हो? काय झालं?”

दादांनी तिथेच कबूल केलं, तीनवर त्यांचं भागत नव्हतं. माझ्या नकळत त्यांनी एक कडक बाटली तयार केली होती आणि सकाळी पाहुण्यांसाठी आवराआवर करताना वहिनींच्या कपाटात, अत्तराच्या बाटल्यांमागे ठेवली होती. तशीच लहान, काचेच्या बुचाची. पट्टी होती. नाव नव्हतं.

चौघी तिथेच होत्या. तिघी इमारतीतल्याच, त्यांची दारं वाजवून हात धुवायला लावले. माझी बायको आठवी. नववी वहिनींची भाची. ती दहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन दिलसुखनगरला घरी गेली होती, आणि फोन उचलत नव्हती.

“त्या पोरीला दात येतायत,” वहिनी म्हणाल्या. “दिसेल ते तोंडात घालते.”

मी स्कूटर काढली. दादा मागे बसले. नको म्हणण्यात वेळ गेला असता. कोचिंग क्लास सुटायची वेळ, मेट्रोच्या खांबांखाली सगळं अडकलेलं. मागून त्यांचा शीळ घातल्यासारखा श्वास माझ्या कानावर येत होता आणि मधूनमधून, “चला ना, चला ना.”

भाचीने दार उघडलं तेव्हा मुलगी कडेवर होती आणि आईचा हात दोन्ही मुठींत धरून चोखत होती.

“आत्ताच उलटी झाली हिला,” भाची म्हणाली. “तुम्हाला कसं कळलं, काका?”

गल्लीच्या तोंडाशीच मुलांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “त्या बाटलीत किती स्ट्रेंथ आहे?”

मी दादांकडे पाहिलं. चौतीस वर्षं त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं.

“माहीत नाही, बाई,” ते म्हणाले. “मोजलं नाही.”

“अंदाजे?”

“हातानं ओतलं,” दादा म्हणाले. नंतर बाकावर बसून ते स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून होते.

आठ वाजता मुलगी हसली आणि तिने डॉक्टरीणबाईंच्या स्टेथोस्कोपची नळी ओढली. घरी न्या म्हणाल्या. माझी बायकोही सकाळपर्यंत बरी झाली. भाचीने मात्र दादांना जिन्यात सांगितलं, “काका, माझ्या घरी परत येऊ नका.” ते “हौ” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन, बाटल्या, सगळं माझ्या दारात आणून ठेवलं. मी म्हणालो, दादा, मी करून देतो, मोजून, नाव लिहून, कुलपात ठेवून. तीनच आकडे राहिलेत. “आपल्याला बाटली नक्को आता,” ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आठ दिवसांनी गच्चीवरून सिगारेटचा वास आला.

दिवाळीपर्यंत ऑक्सिजनचं मशीन आलं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दादांना जिने जमेनात, म्हणून त्यांच्या मुलीने त्यांना नांदेडला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. निघताना मी एका बाजूने त्यांना धरून खाली आणलं. प्रत्येक वळणावर आम्ही थांबलो. गाडीत बसल्यावर त्यांनी नाकातली नळी नीट केली आणि मला वाकायची खूण केली.

“खरं सांगा. होत आलं होतं ना आपलं?”

ती कडक बाटली ते किती दिवस ओढत होते, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते तीनवर होते, सहावर होते की पुन्हा बारावर, हे मला सांगता आलं नसतं.

“हौ दादा,” मी म्हणालो. “सहा आठवडे राहिले होते. फक्त.”

त्यांनी माझा हात थोपटला. वहिनींनी काच वर केली आणि गाडी रेसकोर्सच्या बाजूने वळली.