चातुर्मासात सोडलेली गोळी

चातुर्मासात आवडती वस्तू सोडायची, तर सांडोरच्या नर्मदाबाई पडवळ-दोडक्याची पळवाट काढणाऱ्यातल्या नव्हत्या. एक्याऐंशी सालच्या आषाढीला त्यांनी देवापुढे पाणी सोडलं, "आजपासून झोपेची गोळी वर्ज्य!" सासूबाईंच्या आजारपणात झोप उडाली, तेव्हा डॉक्टरांनी सुरू केलेली ती गोळी. दोन वर्षांत तिच्याइतकं लाडकं घरात कुणी उरलं नव्हतं. यजमान दयारामभाऊसुद्धा नाहीत.

दोन-तीन दिवसांत हातांना असा कंप सुटला की आरतीत घंटा वाजवावी लागेना, नुसती धरली की पुरे. वाडीत केळीचं पान सळसळलं तरी बाई दचकत. छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. दयारामभाऊ शिंकले, तर या पाटावरून उडाल्याच.

"अहो, शिंकण्याआधी सांगत जा!"

"सांगून शिंक येते का गं?"

दोघं हसत सुटले, आणि हसता हसता बाई रडायला लागल्या. "मी वेडी होतेय का हो? का देव कोपलाय? गोळी घ्यावी तर नेम मोडतो!"

भाऊंनी त्यांना सायकलवर मागे बसवलं आणि थेट हेलन डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"देवाला कशाला बोल लावता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूला शांत ठेवणारं गाबा नावाचं द्रव्य असतं. गोळी त्याला बळ देते, असं म्हणतात. गोळी एकदम काढली की ते बळ जातं आणि मेंदू उधळतो, मग ही घाबरगुंडी. थोडी थोडी कमी करायची असते ती."

"पण माझा नेम?"

"आमच्या उपवासकाळात आम्हीही गोडधोड सोडतो, बाई. औषध नाही सोडत. आता तुम्ही गोळी घ्यायची, ती सोडण्यासाठीच."

हे नर्मदाबाईंना एकदम पटलं. घरी येऊन त्यांनी देवाला सरळ सांगितलं, "एकदम झेपत नाही रे बाबा, तुकड्या-तुकड्यानं सोडते. चालवून घे." मग डॉक्टरीणबाई सांगतील तशी अडकित्त्यानं गोळी कातरू लागल्या. आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव. दिवाळीत उरला नुसता कण. तो जिभेवर ठेवताना त्यांना असं हसू फुटलं की कण उडाला आणि सापडलाच नाही. त्या रात्री त्या तशाच झोपल्या, घोरल्यासुद्धा.

कार्तिकीला नेमाची सांगता. सोडलेली वस्तू ब्राह्मणाला दान द्यायची रीत, म्हणून नरहरीभटजी झोळी उघडून बसले.

"काय सोडलं होतंत? खजूर? श्रीखंड?"

"झोपेची गोळी."

भटजींचा चेहरा खुलला. "अहो, मग आणाच! मलाही हल्ली झोप कुठे लागते?"

नर्मदाबाईंनी झपकन पुढे होऊन झोळीचं तोंडच आवळून धरलं. "मागाल ते देईन, भटजी, पण ही बया तुमच्या गळ्यात घालायची नाही!"

भटजी फुरंगटले. शेवटी भाऊंनी केळ्यांचं अख्खं लोंगर त्यांच्या खांद्यावर चढवलं, तेव्हा कुठे आशीर्वाद मिळाला.